कंट्रोलरमधलं बिझनेस लॉजिक डिपेन्डन्सी इंजेक्शन वापरून वेगळं कसं काढावं?

तुम्ही विचारलंय की एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कमध्ये कंट्रोलर (रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारे क्लास) फुगत चाललेत, लॉजिक सर्व्हिस क्लासमध्ये हलवायचंय; मग प्रत्येक क्लासला इंटरफेस लावायचा का, आणि कंटेनर (क्लासला लागणाऱ्या वस्तू बनवून पुरवणारा फ्रेमवर्कचा भाग) कुठवर वापरायचा?

कंटेनरचा विचार आधी करूच नका. लॉजिकचा क्लास असा लिहा की त्याला कंटेनरचा पत्ताच नसावा. जे लागेल ते कन्स्ट्रक्टरमधून मागायचं, बस्स; यालाच डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. समजा नियम आहे: ऑर्डर दिल्यापासून २४ तासांत रद्द केली तर पूर्ण परतावा, नंतर काही नाही. या सर्व्हिसला तीनच गोष्टी लागतात: ऑर्डर रिपॉझिटरी (ऑर्डर साठवणारा-आणणारा क्लास), पेमेंट गेटवे आणि घड्याळ. हो, घड्याळसुद्धा! नियमाच्या पोटात ‘डेटटाइम डॉट नाऊ’ (आत्ताची वेळ) लिहिलंत की टेस्ट अडली. बाहेरून दिलंत तर २३ तास ५९ मिनिटं आणि २४ तास १ मिनिट, दोन्ही केसेस क्षणात तपासून होतात. डॉट नेट ८ मध्ये यासाठी ‘टाइमप्रोव्हायडर’ आयताच मिळतो.

इंटरफेस फक्त सीमेवर, म्हणजे ॲप बाहेरच्या जगाशी बोलतं तिथे: गेटवे, ईमेल, बाहेरची एपीआय. नुसता हिशोब करणाऱ्या क्लासला तो लावला तर फायली वाढतात, दुसरं काही नाही.

खरी डोकेदुखी आहे लाइफटाइमची, म्हणजे कंटेनर एखादी वस्तू किती काळ जिवंत ठेवतो त्याची. डेटाबेसशी बोलणारा ‘डीबीकॉन्टेक्स्ट’ डीफॉल्टने स्कोप्ड असतो, म्हणजे दर रिक्वेस्टला नवा. तो घेणारी सर्व्हिस कुणी सिंगलटन (सगळ्या ॲपला मिळून एकच) म्हणून नोंदवली की एकच कॉन्टेक्स्ट ॲप बंद होईपर्यंत अडकून राहतो. तो थ्रेड-सेफ नाही (एकाच वेळी अनेकांनी वापरायला सुरक्षित नाही), त्यामुळे दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की एक्सेप्शन. आणि एक्सेप्शन नाही आलं तर त्याहून वाईट, ट्रॅक केलेला शिळा डेटा गुपचूप परत मिळत राहतो. डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये फ्रेमवर्क हे पकडतं, प्रॉडक्शनमध्ये ती तपासणी डीफॉल्टने बंद असते. मी तर या तपासणीचं सेटिंग ‘व्हॅलिडेटस्कोप्स’ सगळीकडे चालूच ठेवतो. बॅकग्राउंड सर्व्हिसला रिक्वेस्टच नसते, म्हणून तिथे मात्र ‘आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी’ घेऊन दर कामाला नवा स्कोप उघडा.

कन्स्ट्रक्टरमध्ये आठ-नऊ पॅरामीटर झाले तर ते लपवायला ‘आयसर्व्हिसप्रोव्हायडर’ (म्हणजे कंटेनरच) आत घेऊ नका. तो क्लास दोन-तीन कामं एकदम करतोय. रद्द करणं एकीकडे आणि ग्राहकाला कळवणं दुसरीकडे, असा फोडा.