शंका औषधाची की आजाराची?

"या गोळ्यांची सवय तर लागणार नाही ना?" मंत्रचळाच्या, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओसीडी या आजाराच्या औषधांबद्दल हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. त्याला जोडूनच दुसरा येतो, "बरं वाटलं की बंद केल्या तर चालतील?" म्हणून एका तरुणाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी इथे चार संवादांत आटोपल्या आहेत.

हिशेबाचं काम करणारा, तिशीतला माणूस. कुलूप, गॅस, नळ तपासण्यात रोज दोन-अडीच तास जायचे. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमपासून सुरू केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "मॅडम, फरक शून्य. उलट मळमळ होते, झोप उडाली. बंद करतोय."

इथेच बहुतेकांचं औषध सुटतं. सर्ट्रालिनच्या गटातल्या (एसएसआरआय) गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी, जुलाब, अस्वस्थपणा साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरतो. लैंगिक इच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं. लाजेपायी ते लपवू नका, डॉक्टरांकडे त्यावर उपाय असतात. ओसीडीत गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि नैराश्यापेक्षा बहुधा जास्त डोस लागतो. सर्ट्रालिन गरजेप्रमाणे २०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. तिसऱ्या आठवड्यात, सुरुवातीच्याच डोसवर "उपयोग नाही" असा निकाल देता येत नाही.

हे त्याला पटलं. पण जाता जाता तो म्हणाला, "काल मात्र दोन घेतल्या गेल्या."

"कशा काय?"

त्याने खिशातून स्ट्रिप काढली. प्रत्येक कप्प्यामागे बॉलपेनने तारीख, तारखेखाली बरोबरची खूण, आणि काही खुणा पुन्हा गिरवून गिरवून फॉइल फाटलेलं. मोबाइलमध्ये रोजच्या रिकाम्या कप्प्याचा फोटो. रात्री बायको गोळ्या मोजून सांगायची, "घेतलीस." तरीही घशाखाली गेल्यासारखं वाटलं नाही म्हणून त्याने आणखी एक घेतली होती.

"तुम्हाला औषध हवंय की खात्री?" मी विचारलं.

तो बराच वेळ स्ट्रिपकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कुलुपासारखंच झालंय हे."

अगदी तसंच झालं होतं. आजाराने गोळीलाही सोडलं नव्हतं. रात्री माहितीपत्रक वाचणं, दर लक्षणासाठी इंटरनेट धुंडाळणं, बायकोला "मला काही होणार नाही ना?" विचारणं, हे सगळं तपासणंच होतं. माझा अनुभव असा की नुसत्या समजुतीने ही शंका जात नाही. ती मनात असतानाही तपासायला न जाण्याचा सराव केला, तरच तिचं बळ उतरतं. खरा प्रश्न आणि आजाराचा प्रश्न वेगळे करायला मी एक साधी खूण देते. खरा प्रश्न एका उत्तराने मिटतो, आजाराचा प्रश्न दहा मिनिटांत परत येतो. ही खूण आजवर अनेक घरांत उपयोगी पडली आहे, त्याचं मला समाधान आहे.

दोन गोळ्यांचं आम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्या डोसने धोका नव्हता, पण प्रत्येक औषध इतकं माफ करत नाही. क्लोमिप्रामिन या ओसीडीवरच्याच दुसऱ्या औषधाचा जादा डोस हृदयाची लय बिघडवू शकतो, झटके आणू शकतो. म्हणून नियम असा ठरला: सात कप्प्यांची डबी आठवड्यातून एकदाच भरायची. गोळी रोज नाश्त्यानंतर. कप्पा रिकामा म्हणजे घेतली. एकदाच बघायचं, फोटो नाही, बायकोला विचारणं नाही. शंका उरलीच तर दुसरी गोळी घ्यायची नाही. खरोखर विसरली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाहीत.

खरे प्रश्न मात्र कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यायचे. त्याच्या यादीत एक मोलाचा होता: खोकल्याचं औषध चालेल का? डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी यांनी या गोळ्यांबरोबर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. ताप, थरथर, खूप घाम, स्नायू ताठणं, गोंधळल्यासारखं होणं, असं एकत्र दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. याच गटातलं फ्लुवोक्सामिन चालू असेल तर टिझानिडिन हे स्नायू सैल करणारं औषध घ्यायचंच नाही, आणि कॉफीचा परिणामही जास्त वेळ टिकतो. पंचविशीच्या आतल्यांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. आत्महत्येचे विचार, कमालीची बेचैनी किंवा झोपेविना अचानक उसळलेला उत्साह दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

आता सवयीचं. डोस वाढवत नेण्याची तलफ या गोळ्यांनी लागत नाही. ती भीती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या मन शांत करणाऱ्या गोळ्यांची, आणि लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. पण या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं येतात. याच गटातल्या पॅरॉक्सेटिनमध्ये हे जास्त. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ राहतं म्हणून त्यात कमी. हा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. आजार उलटतो तो सहसा हळूहळू, आठवड्यांत.

चौथ्या महिन्यात, १५० मिलिग्रॅमवर, त्याचं तपासणं अर्ध्या तासावर आलं होतं. त्याने वहीत नवा प्रश्न लिहिला होता, "कमी कधी करायचं?" डॉक्टरांनी सांगितलं, चांगलं वाटू लागल्यावर किमान वर्षभर, बहुधा दोन वर्षं हाच डोस. मग काही महिने घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवायचा, आणि त्या काळात एकदाच कुलूप बघून निघण्याचा सराव चालू ठेवायचा.