आधी हात धुऊन घे

प्रिय,

ओसाकाला जाण्याआधी जपानच्या शिंतो धर्मावर एखादं पुस्तक सुचवा, असं लिहिलं आहेस. सुचवेन, पण थोडं थांब. या धर्माला कोणी संस्थापक नाही. ७१२ साली लिहिलेल्या ‘कोजिकी’त देवांच्या कथा आहेत, तरी रोजच्या आचरणाचे नियम त्यात शोधू नकोस. तू आधी पाण्यापाशी जा.

तोरी म्हणजे देवस्थानाची कमान. तिच्याखालून जाताना किंचित वाक आणि वाटेच्या कडेने चाल, मधला भाग देवाचा. मी पहिल्या खेपेला मधूनच चालत होतो. एका आजींनी काही न बोलता माझी बाही धरून मला कडेला घेतलं. पुढे दगडी कुंड लागेल. उजव्या हाताने पळी भरून डावा हात धू, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा डाव्या तळव्यावर पाणी घेऊन चूळ भर, पळीला ओठ लावू नकोस. डावा हात परत धू आणि पळी उभी धर, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसासाठी दांडा धुतला जातो. हे सगळं एका पळीभर पाण्यात! शिंतोचं मर्म मला त्या ओघळात सापडलं.

मग पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, हात जोडायचे, शेवटी एकदा वाकायचं. इझुमोच्या मोठ्या देवस्थानात मात्र टाळ्या चार.

अशुद्धीला तिथे ‘केगारे’ म्हणतात. घरात मृत्यू झाला की साधारण पन्नास दिवस देवस्थानात जात नाहीत. सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या तुला हे वेगळं समजावायला नको. अंत्यविधी बहुधा बौद्ध पद्धतीने होतात आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

शिंतोत ज्यांना पुजतात त्या ‘कामी’चं भाषांतर ‘देव’ करून मोकळी होऊ नकोस. अठराव्या शतकातले पंडित मोतोओरी नोरिनागा यांच्या मते जे जे असामान्य आणि विस्मय वाटायला लावणारं, ते कामी. मग तो डोंगर असो, झाड असो, माणूस असो, आणि चांगलं असो की वाईट. आपली सरस्वतीही बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचली, बेंझाइतेन झाली आणि काही शिंतो देवस्थानांत आजही पुजली जाते.

ही शांतता पाहून भारावशील, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेव. १८६८ नंतर सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म एकमेकांपासून तोडले, शिंतोला सम्राटभक्तीला जुंपलं, आणि पुढे तीच भक्ती युद्धासाठी वापरली. १९४५च्या डिसेंबरात, जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना, हे सरकारी नातं संपवलं गेलं. जपानी स्नेह्यांशी या विषयावर बोलताना जपून बोल, पण गप्प बसू नकोस.

इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ साली बांधलं, पुढचं २०३३मध्ये. जुनं लाकूड फेकत नाहीत, त्याच्या तोरी होतात, दुसऱ्या देवस्थानांना ते दिलं जातं. सुताराचा हात मुलाच्या, शिष्याच्या हाती उतरतो तो याच कामातून.

पहिल्या सुट्टीला मात्र इसेला न जाता नारा प्रांतातल्या ओमिवा देवस्थानाला जा. तिथे गाभारा नाही, समोरचा मिवा डोंगर हाच देव. खाली नाव नोंदवून, गळ्यात पांढरी पट्टी घालून वर चढता येतं. वर खायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. उतरलीस की त्याच संध्याकाळी मला लिही.

तुझा,
काका