ट्रेकसाठी एक किलोच्या आतला ट्रायपॉड कोणता घ्यावा?

सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या ट्रेकसाठी, मिररलेस कॅमेरा पेलेल असा, दहा हजार रुपयांच्या आतला आणि एक किलोपेक्षा कमी वजनाचा ट्रायपॉड तुम्हाला हवा आहे. या सगळ्या अटी पाळून वर कामही नीट करील, असा ट्रायपॉड निदान माझ्या पाहण्यात आलेला नाही. त्यांतली वजनाची अट सोडा, असे मी सरळच सांगतो. ती का सोडावी हे मला एका रात्रीत कळले, म्हणून आधी ती रात्र सांगतो.

एप्रिलमधल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही पाच जण पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. पहाटे चारच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला येतो; तो कोकणकड्यावरून टिपायचा, एवढ्यासाठीच मी आलो होतो. माझ्याकडे तेव्हा सव्वादोन किलोंचा जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड होता. तो सॅकला बांधताना माझ्या मावसभावाने पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारले, "ट्रेकला निघाला आहेस की लग्नाचे शूटिंग करायला?" एवढे बोलून न थांबता दादाने स्वतःचा नऊशे ग्रॅमचा ट्रायपॉड माझ्या हातात ठेवला आणि माझा गाडीच्या डिकीत टाकला. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे आणि मला पहिला गड त्यानेच दाखवला, त्यामुळे त्याच्यापुढे माझे फारसे चालत नाही. खोटे कशाला बोलू, चढताना पाठ हलकी वाटत होती.

कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे कोकणातून येणारा वारा त्याच्या पोटात शिरून वर उसळतो आणि खाली टाकलेली हलकी वस्तू कित्येकदा परत वर येते, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही कड्यापासून बरेच मागे, सपाट कातळावर होतो, तरी वारा होताच. २० मिलिमीटरची लेन्स, २५ सेकंदांचे एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा प्रकाश टिपत राहणार. पहिला फोटो मोठा करून पाहिला, तर प्रत्येक तारा स्वल्पविरामासारखा वाकडा आला होता. मग सगळे सांगतात तसे मी मधल्या दांड्याच्या हुकाला सॅक अडकवली आणि दुसरा फोटो काढला. या वेळी प्रत्येक तारा डमरूसारखा दिसत होता, दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक. टॉर्च खाली धरल्यावर उलगडा झाला. वाऱ्याने सॅक लंबकासारखी हेलकावत होती आणि तिच्याबरोबर ट्रायपॉडही डोलत होता. झोक्याच्या टोकांना तो क्षणभर थबकत असल्यामुळे तिथे प्रकाश जास्त साचला होता. मी सॅक काढून खाली ठेवली आणि पुढच्याच झोतात ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट आडवा झाला. लेन्स वाचली, पण तिच्या पुढची कड अशी चेपली की त्यावरचा फिल्टर आजतागायत निघालेला नाही.

"त्या वाऱ्यात कोणताही ट्रायपॉड पडला असता," हे दादाचे तेव्हापासूनचे म्हणणे आहे आणि गेली चार वर्षे घरातल्या प्रत्येक कार्यात ते मला जेवणाच्या पंगतीत ऐकावे लागते. ते चुकीचे आहे. हलका ट्रायपॉड हलका कशामुळे होतो, ते पाहा. घडी लहान व्हावी म्हणून पायांचे चाराऐवजी पाच टप्पे करतात आणि प्रत्येक टप्पा आधीच्या नळीच्या आत बसवायचा असल्यामुळे शेवटची नळी करंगळीपेक्षाही बारीक होते. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास निम्मा केला, तर तिचा ताठरपणा साधारण एक अष्टमांशावर येतो. म्हणजे निम्मे वजन वाचवताना तुम्ही निम्म्याहून कितीतरी जास्त गमावता. 'आठ किलो भार पेलतो' असे खोक्यावर छापलेले असते, त्यावर जाऊ नका. तो आकडा मोजण्याची सर्व उत्पादकांना बांधणारी अशी एक पद्धत नाही आणि भार पेलणे म्हणजे स्थिर राहणे नव्हे.

तेव्हा दीड किलोच्या आसपासचा, चार टप्प्यांचा, ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड घ्या. दहा हजारांत चांगला नवा मिळाला नाही तर वापरलेला घ्या. मुंबईत असाल तर बोरा बाजारात जाऊन हाताळून पाहा. दुकानात त्याचे पाय पूर्ण उघडा, मधला दांडा खालीच ठेवा, कॅमेरा लावून पडद्यावरचे चित्र दहापट मोठे करा आणि एका पायाला टिचकी मारून ते शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. कार्बन फायबरचा मोह या बजेटमध्ये नको. पीक डिझाइनच्या ट्रॅव्हल ट्रायपॉडचेच उदाहरण घ्या: ॲल्युमिनियमचा १.५६ किलो आणि कार्बनचा १.२७ किलो. फरक २९० ग्रॅमचा, पण कार्बनच्याची किंमत दीडपटीहून अधिक. एवढे वजन तर सॅकमधली जास्तीची जीन्स घरी ठेवली तरी वाचते. पायांना फिरवून आवळायचे लॉक असलेला घेतला, तर लाल मातीत वापरल्यावर ते खोलून धुवावे लागतील. खटक्याचे लॉक त्या मानाने कमी त्रास देतात. हुकाला सॅक लोंबकळत ठेवू नका. त्यातून सुतळी खाली घेऊन ती एखाद्या जड दगडाला ताणून बांधा.

आता काही गोष्टी न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझे हे सगळे म्हणणे रात्रीच्या लांब एक्स्पोजरसाठी आणि उघड्या कड्यांसाठी आहे. तुम्ही फक्त सूर्योदय आणि धबधबे टिपणार असाल, तर एक किलोचा ट्रायपॉडसुद्धा कंबरेच्या खाली ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून बऱ्यापैकी चालतो. हरिश्चंद्रगडाच्याच 'नळीची वाट' नावाच्या अवघड वाटेसारख्या ठिकाणी दोन्ही हात लावून चढायचे असेल, तर मात्र बाहेर बांधलेला कोणताही ट्रायपॉड अडचणीचाच ठरतो. त्याची घडी सॅकच्या आत मावते की नाही ते आधी पाहा.

आणखी एक. त्या रात्री वाकून वाकून मान दुखायला लागली, म्हणून मी मधला दांडा पूर्ण वर काढला होता. तो वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक पाय उभा राहतो आणि कॅमेरा नको तितका उंच जातो, हे मला तेव्हाही माहीत होते. ही गोष्ट मी दादाला अजून सांगितलेली नाही. पण माझ्या सव्वादोन किलोंच्या ट्रायपॉडला त्या उंचीसाठी मधला दांडा वर काढावाच लागला नसता, त्यामुळे मूळ मुद्दा माझाच खरा आहे.

त्याचा तो नऊशे ग्रॅमचा ट्रायपॉड त्याने नंतर मलाच देऊन टाकला. गणपतीत आरतीच्या वेळी त्यावर मोबाईल लावून आम्ही व्हिडिओ काढतो आणि तो उत्तम येतो. पंखा तेवढा बंद ठेवावा लागतो.