टाक्यांत फरक दिसला म्हणून लगेच क्रॉसफीडला हात लावू नकोस

तू लिहिलंयस की सिम्युलेटरमध्ये विमानाच्या डाव्या-उजव्या इंधनटाकीत फरक दिसला, तू इम्बॅलन्सची (म्हणजे असा फरक पडल्यावर करायची) पावलं पाठ होती तशी केलीस, क्रॉसफीड (दोन्ही बाजूंच्या इंधननळ्या जोडणारा व्हॉल्व्ह) उघडलास आणि थोड्या वेळाने इन्स्ट्रक्टरने सेशन थांबवून नापास लिहिलं. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. आपल्या जुळे सोलापूरचा आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतो.

खुलासा आधीच करतो. खालचे आकडे एअरबस ए320 चे आहेत, तुझ्या कंपनीच्या क्यूआरएचमध्ये (अडचणीत बघायच्या पावलांचं कॉकपिटमधलं पुस्तक) छापलंय तेच अंतिम. टाक्या, पंप, इकॅम (इशारे दाखवणारा कॉकपिटमधला पडदा) हे तुला येतं असं धरून चाललोय.

इम्बॅलन्सच्या पानावर पहिल्या पावलाच्याही आधी एक सूचना असते: गळतीची शंका असेल तर हे पान वापरू नका. सगळा खेळ त्या ओळीत आहे. क्रॉसफीड उघडून हलक्या बाजूचे पंप बंद केले की भरलेली टाकी दोन्ही इंजिनांना पाजायला लागते. हलकी बाजू पायलॉनजवळ (इंजिन पंखाला टांगणारा खांब) गळत असेल तर तू चांगल्या टाकीतलं इंधन त्याच भोकातून बाहेर ओततोयस. ऑगस्ट 2001 मध्ये एअर ट्रान्सॅट 236 चं हेच झालं. ए330, टोरांटो ते लिस्बन, 306 माणसं. पहाटे 5:33 यूटीसीला फरकाची सूचना आली, पाठ असलेली पावलं करून क्रॉसफीड उघडला गेला. 6:13 ला उजवं इंजिन बंद, 6:26 ला डावं. पुढची जवळजवळ 19 मिनिटं विमान इंजिनाविना तरंगत अझोर्समधल्या लाजेसला उतरलं. आणि पहिली खूण इंधनाची नव्हतीच, उजव्या इंजिनाच्या तेलाचं तापमान कमी आणि दाब जास्त दिसत होता. त्यात शेपटीतल्या ट्रिम टाकीतलं इंधन पुढे येत राहिल्याने फरक उशिरा उघड झाला.

म्हणून फरक दिसला की आधी हिशेब. टाकीत उरलेलं अधिक दोन्ही इंजिनांनी वापरलेलं, ही बेरीज निघतानाच्या आकड्याशी ताडून बघ. समज 9,000 किलो घेऊन निघालास, वापरलेलं 1,900 दाखवतंय, तर टाकीत 7,100 च्या आसपास हवं. 6,300 दिसत असेल तर 800 किलो कुठे गेलं? थोडा फरक गेजचा आणि एपीयूचा (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन) असतोच, त्याने घाबरायचं कारण नाही. प्रत्येक वेपॉइंटला (मार्गावरचा ठरलेला बिंदू) आकडा कागदावर लिही. फरक स्थिर आहे की वाढतोय, हे तिथेच कळतं.

यात एक खोच आहे. गळती फ्लोमीटरच्या (इंजिनाला जाणारं इंधन मोजणारं यंत्र) पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असेल तर वाया गेलेलं इंधनही "वापरलेलं" म्हणून मोजलं जातं आणि बेरीज चोख जुळते. तिथे त्या इंजिनाचा फ्युएल फ्लो दुसऱ्यापेक्षा अवाजवी जास्त दिसेल. दोन्ही बघायचं.

गळती इंजिनाकडे आहे का, हे केबिन क्रूला पंखामागच्या खिडकीतून बघायला सांग. रात्री पंखावरचे दिवे लावून. पायलॉनमधून फवारा दिसला तर त्या इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर आयडलला, मास्टर स्विच ऑफ. मास्टर ऑफ केल्यावर एलपी व्हॉल्व्ह (इंजिनाकडे जाणारं इंधन तोडणारी झडप) मिटतो, त्याच्या पुढची नळी फुटली असेल तर गळती थांबते. थांबल्याची खात्री झाल्यावरच क्रॉसफीडचा विचार. काहीच दिसलं नाही तर क्रॉसफीड बंद ठेवून मध्यटाकीचे पंप बंद आणि पंखांतल्या आतल्या टाक्यांवर नजर: एक टाकी दुसरीपेक्षा 30 मिनिटांच्या आत 300 किलोने मागे पडली तर इंजिनाकडची गळती समजायची. दोन्ही सारख्याच वेगाने उतरत असतील तर संशय मध्यटाकीवर किंवा एपीयूच्या नळीवर. एक पंख भरलेला आणि एक रिकामा ठेवून उतरता येतं, समतोल साधायच्या नादी लागू नकोस. उतरल्यावर रिव्हर्सर (इंजिनाचा झोत उलटा फिरवून वेग कमी करणारी यंत्रणा) वापरायचा नाही, अग्निशमन दलाला आधीच सांगून ठेवायचं.

आता मनातलं. मला सगळ्यात महागात पडलं ते एक ट्रेनिंग ऑफिस, नाव घेत नाही. त्यांनी वाटलेल्या झेरॉक्समध्ये इम्बॅलन्सची चार पावलं होती आणि वरची ती सूचना कापलेली. पानावर रिव्हिजनची तारीख नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "चेकला एवढंच येतं." पैसे, पुन्हा तारीख, पुन्हा पैसे! असल्या झेरॉक्सवर अभ्यास करणं मूर्खपणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला लागलं तर लागो. तुझ्या नोट्स कुठून आल्यात ते बघ आणि मूळ पान रिव्हिजन नंबरसकट मागून घे.

सरावासाठी आपल्याच डोक्यावरचं उदाहरण घे. मुंबई-हैदराबाद विमान सोलापूरवर 35,000 फुटांवर असताना गळती कळली. पुणे मागे सुमारे 235 किमी, हैदराबाद पुढे 270. पुणे जवळ दिसतं, पण वळण घ्यावं लागेल, बहुधा समोरून वारा, आणि रिव्हर्सरशिवाय थांबायला हैदराबादची चार किलोमीटरहून लांब धावपट्टी बरी. मी हैदराबाद घेईन. इंधन पुरत नसेल तर अर्थातच चर्चा संपली. 35,000 वरून उतरायला साधारण 190 किमी लागतात, म्हणजे हैदराबादकडे निर्णयाला जेमतेम पाच-सहा मिनिटं मिळतात, पुण्याकडे तर तीनेकच.

जाता जाता, खाली कमेंटमध्ये कुणी विचारलंय की होटगी रोडला (सोलापूर विमानतळावर) मे महिन्यात उभ्या विमानाच्या पंखाखालून थेंब पडताना दिसले. इंधन दर 10 अंशांना साधारण एक टक्का फुगतं, टाकी काठोकाठ भरली असेल तर व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या वाटेतून) ओघळू शकतं. तरी रॅम्पवरच्या माणसाला सांगा, स्वतः ठरवू नका.

आणि तुझा टाइप (विमानाचा प्रकार) नक्की कुठला ते लिहिलं नाहीस. ए321 असेल तर पंखात एकच टाकी असते आणि मध्यटाकीतलं इंधन थेट इंजिनाला न जाता पंखात ट्रान्सफर होतं, म्हणजे वरची पंप बंद करायची पायरी वेगळी. कळव, मग त्याप्रमाणे सांगतो.