हाती आला तरच आपला?

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू मला मोबाइलवर लेकीच्या नर्सरीचे बिल दाखवलेस, तेव्हा पडद्याला तिच्या बोटांचा तिळगूळ चिकटला होता आणि आकडा दिसावा म्हणून तू तो पदराने पुसत होतीस. ‘काकू, बढती नाकारू का, की चारच दिवस काम करू?’ असे तू इतक्या सहज विचारलेस की त्या गर्दीत मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र राग आला. तो तुझ्यावर नव्हता. तुझ्या तोंडून मला माझाच जुना हट्ट ऐकू आला, म्हणून होता.

एप्रिलपासून तुझा पगार १,१२,००० पौंड होणार आहे. एक लाखावरच्या १२,००० पौंडांचे काय होते ते आधी पाहा. त्यांच्यावर ४० टक्के प्राप्तिकर म्हणजे ४,८०० पौंड जातात. शिवाय एक लाखानंतर मिळणाऱ्या दर दोन पौंडांमागे तुझ्या १२,५७० पौंडांच्या करमुक्त रकमेतला एक पौंड कापला जातो, त्यामुळे ६,००० पौंडांची सवलत जाऊन आणखी २,४०० कर बसतो. नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याच्या हप्त्याचे २४० वजा केले की हातात ४,५६० उरतात. आणि या ४,५६० साठी तू काय गमावतेस? लेक दोन वर्षांची आहे, म्हणून आठवड्याला ३० तास, वर्षाचे ३८ आठवडे, असे १,१४० तास तिला सरकारी खर्चाने मिळतात. तुझ्या नर्सरीचा ताशी ७ पौंडांचा दर धरला तर ते ७,९८० पौंड झाले. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या सरकारी मदतीच्या खात्यात तू नर्सरीसाठी आठ पौंड भरलेस की सरकार दोन घालते, ते वर्षाला २,००० पर्यंत. तेही बंद होते. उत्पन्न एक लाखाच्या वर एक पौंड गेले तरी दोन्ही सवलती एकदम जातात. तुझ्या नवऱ्याचा पगार ५८,००० आहे याला येथे काहीही अर्थ नाही, कारण दोघांचे उत्पन्न वेगवेगळे तपासले जाते आणि एकाचे वर गेले तरी पुरते. ज्या घरात दोघेही ९५,००० मिळवतात त्यांना सगळे मिळते, तुम्हाला नाही. हा न्याय नव्हे, पण त्यावर चिडण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत, तू घालवू नकोस.

एक लाखाच्या मर्यादेसाठी मोजायचा असतो तो पगार नव्हे, ‘ॲडजस्टेड नेट इन्कम’, म्हणजे काही वजावटींनंतरचे उत्पन्न, आणि पेन्शनमध्ये घातलेली रक्कम त्यातून वजा होते. तेव्हा बढती घे, पूर्ण पाच दिवस काम कर, आणि वरचे १२,००० सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे करार करून पगार हाती येण्याआधीच तेवढा कमी करून, पेन्शनमध्ये वळव. हातात येणारे ४,५६० सोडून पेन्शनमध्ये १२,००० जमा होतात आणि लेकीचे तासही राहतात. पेन्शनमध्ये घातलेला पैसा गेलेला नसतो, तो तुझाच असतो. तुझ्या पगारातून सॅक्रिफाइसने आधीच काही टक्के जात असतील तर तेवढे कमी लागतील, ते पगारपत्रकावर पाहून घे.

‘हाती आला तरच पैसा आपला’ हे तुझ्या नवऱ्याचे वाक्य मी २००३ साली या देशात उतरल्यावर रोज म्हणत असे. कंपनी माझ्या पगाराच्या ५ टक्के स्वतःच्या खिशातून घालायला तयार होती; अट एवढीच की मीही ५ टक्के घालायचे. मी सही करून नकार दिला, कारण ‘आपण तर दोन-तीन वर्षांत परत जाणार’. असा नकार मी नऊ वर्षे देत राहिले. २०१२ च्या ऑक्टोबरपासून मोठ्या कंपन्यांना कायद्यानेच कर्मचाऱ्यांची नावे पेन्शनमध्ये घालावी लागली, म्हणून माझे नाव लागले; माझ्या अकलेने नव्हे. पेन्शनमध्ये न घातलेल्या त्या पैशांतून पुण्यात बाणेरला फ्लॅट घेतला आणि आईला शेवटची सहा वर्षे लिफ्टच्या इमारतीत काढता आली, त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. कोणी नावे ठेवली तर आजही मी भांडेन. परंतु तो फ्लॅट माझ्याच ५ टक्क्यांतून झाला. कंपनीचे ५ टक्के मी ज्या दिवाणखान्यात आनंदाने सोडले, तो दिवाणखाना आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तीन वर्षांच्या मुलांसाठी ३० तासांची योजना सुरू झाली, तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा होता. बोनसमुळे उत्पन्न एक लाखाच्या ४,००० ने वर जाणार हे ठाऊक असल्याने मी अर्जच केला नाही. पेन्शनने हे मिटते असे मला मार्चमध्ये कळले. मग निदान कर वाचवावा म्हणून मी ५ एप्रिलला रात्री ३,२०० पौंड खासगी पेन्शनला पाठवले. त्यांवर सरकारचे ८०० पडून ४,००० होतात आणि त्या वर्षाच्या उत्पन्नातून तेवढेच कमी झाले असते. पैसे पोहोचले ९ एप्रिलला. करवर्ष ५ एप्रिलला संपते आणि पेन्शनची रक्कम मागच्या वर्षात ढकलता येत नाही. त्या वर्षाच्या करातले १,६०० पौंड एका रात्रीत गेले. म्हणून मनुष्यबळ विभागाला आत्ताच, फेब्रुवारीत लिही. सॅक्रिफाइसचा करार पगार हाती येण्याच्या आधी व्हावा लागतो, नंतर नाही.

आता एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्याविषयी. ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असते म्हणून ते येथेही धरत नाहीत, असे तुझ्या नवऱ्याने तुला सांगितले आणि तू मान डोलावलीस. तुम्ही आठ वर्षांपासून येथले रहिवासी आहात. ते व्याज येथे उत्पन्नच आहे, आणि कोथरूडच्या फ्लॅटच्या भाड्यातला तुझा वाटाही. येथल्या बँकेच्या थोड्या व्याजावर कर लागत नसला तरी ते एक लाखाच्या मोजणीत येते. आयसा या करमुक्त बचत खात्याचे तेवढे येत नाही. म्हणून बारा नव्हे, तेरा हजार वळव. काठावर उभे राहून हिशेब करू नये. दर तीन महिन्यांनी चाइल्डकेअरच्या खात्यावर तू स्वतः खातरजमा देतेस, आणि खोटी माहिती दिली तर ते वसूल करतात.

हा कर चुकवणे नाही का, असे तू विचारलेस. नाही. संसदेने कायदा केला आहे, वर्षाला ६०,००० पौंडांपर्यंत घालण्याची मुभा आहे, आणि एप्रिल २०२९ पासून सॅक्रिफाइसवरची नॅशनल इन्शुरन्सची सूट पहिल्या २,००० पौंडांपुरतीच राहील असे त्यांनीच जाहीर केले आहे. प्राप्तिकराची सवलत राहते. नियम बदलतील तेव्हा आपणही बदलू.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. हा पैसा तुला ५७ वर्षांच्या आत मिळणार नाही, आणि काढताना चतुर्थांश सोडून उरलेल्यावर कर लागेल. तू चौतीस वर्षांची आहेस. घराचा हप्ता थकत असेल, हाताशी सहा महिन्यांचा खर्च नसेल, तर आधी मला सांग. मग वेगळा विचार करू. परंतु परत जायचे आहे म्हणून नको असे म्हणू नकोस. परत गेलीस तरी पेन्शन तुझ्याच नावावर राहते. मी तेवीस वर्षांपासून परत जाते आहे.

येत्या रविवारी दोघेही जेवायला या. शेवटची तीन पगारपत्रके, एनआरईचा वर्षभराचा उतारा आणि भाड्याचा हिशेब बरोबर आणा. लेकीसाठी गुळाच्या पोळ्या ठेवल्या आहेत. नवऱ्याला सांग, काकूंना राग आलेला नाही, फक्त तो उतारा विसरू नकोस.

तुझी,
काकू