संगणक-शंका: लेबलांची फाइल एकच ठेवा

प्रश्न: मॅडम, विडी कामगार महिलांच्या घरखर्चावर मी पीएच.डी. करते आहे. पूर्व भागातल्या पाच वस्त्यांची माहिती एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच फाइलींत भरली आहे. लेबलांच्या (कोणत्या कोडचा अर्थ काय, हे सांगणाऱ्या) त्याच ओळी पाचही सिंटॅक्समध्ये, म्हणजे कमांडच्या फाइलींत, पेस्ट केल्या होत्या. आता त्या वेगळ्या फाइलीत काढून 'इन्क्लूड'ने बोलावते, तर एरर येते. त्याच ओळी एडिटरमध्ये नीट चालतात. असं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ओळी वेगळ्या काढल्यात हे फार चांगलं केलंत. चूक ओळींत नाही. इन्क्लूड ही जुन्या वळणाची कमांड आहे. तिच्या लेखी प्रत्येक कमांड पहिल्या कॉलमपासून सुरू व्हायला हवी आणि पुढच्या ओळी निदान एक स्पेस आत हव्यात. तुम्ही मातृभाषेची लेबलं (१ मराठी, २ तेलुगू, ३ कन्नड, ४ उर्दू) एकाखाली एक, डाव्या कडेला चिकटवून लिहिली असतील, तर तिथे प्रत्येक ओळ नवी कमांड धरली जाते.

म्हणून 'इन्सर्ट' वापरा. तिला एडिटरचेच नियम चालतात, फक्त प्रत्येक कमांडच्या शेवटी टिंब हवं. सोबत 'एरर'ला 'स्टॉप' द्या. नाही दिलं तर चूक सापडूनही ती पुढच्या कमांडवर जाते आणि अर्धवट लेबलांचे तक्ते हाती येतात. लेबलं देवनागरीत असतील तर 'एन्कोडिंग'मध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ सांगा.

या एकाच फाइलीचा आग्रह मी का धरते? घरातल्या माणसांच्या रकान्यात उत्तर न मिळाल्यास ९९ लिहितात ना? समजा, एका वस्तीतल्या ४९ घरांत पाच-पाच माणसं आहेत आणि पन्नासाव्या घरी ९९ आहे. ९९ म्हणजे 'मिसिंग' हे त्या सिंटॅक्समध्ये सांगायचं राहिलं, की सरासरी पाचाची ६.८८ होते. हा आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांतही येत नाही. त्या बायकांनी विड्या वळता वळता वेळ काढून उत्तरं दिली आहेत. ती आपल्या तक्त्यात बिघडता कामा नयेत.

त्या फाइलीत लेबलं, मिसिंग आणि रिकोड (कोड बदलणाऱ्या कमांड) एवढंच ठेवा. डेटा उघडणं आणि सेव्ह करणं ज्या त्या वस्तीच्या सिंटॅक्समध्येच राहू द्या. रिकोड करताना उत्तर नव्या नावाच्या रकान्यात घ्या. त्याच रकान्यात घेतलंत आणि फाइल दोनदा चालली, तर कोड दोनदा बदलतील. घरच्या आणि कॉलेजच्या संगणकावर फोल्डरचा पत्ता वेगळा असणार, तेव्हा सिंटॅक्सच्या सुरुवातीला 'सीडी' कमांडने तो एकदाच द्या आणि पुढे नुसतं फाइलीचं नाव लिहा.

एसपीएसएसचा परवाना परवडत नसेल तर मोफत मिळणाऱ्या पीएसपीपीतही इन्सर्ट आहे. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'सोर्स' करतं. मैत्रीण स्टाटा या सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर तिला एवढं सांगा: तिथे 'डू'ने बोलावलेल्या फाइलीतले लोकल मॅक्रो (एखाद्या नावाखाली तात्पुरता ठेवलेला मजकूर) मूळ फाइलीला मिळत नाहीत, 'इन्क्लूड'ने बोलावल्यास मिळतात.