रंगासकटच तो मूळ फोटो

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत किमोनोतल्या जपानी बाईचा हाताने रंगवलेला जुना फोटो निघाला, रंग डागाळलेत, ते काढून खालचा मूळ फोटो मिळेल का आणि किंमत किती येईल.

रंग काढू नका, हात जोडतो. ते स्टुडिओतच, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी चढवलेले असतात. फोटो रंगासकटच मूळ.

इतकं तावातावाने लिहितोय कारण आमच्या घरात हा वाद जुना आहे. अण्णा कोल्हापुरात एका स्टुडिओसाठी फोटो रंगवायचे. काडीला कापूस गुंडाळून गालावर रंग फिरवायचे आणि उरलेला स्वतःच्या मनगटावर पुसायचे. थोरला भाऊ फोटोग्राफर. दादाचं म्हणणं एकच, कॅमेऱ्याने काढला तो फोटो, पुढची सगळी रंगरंगोटी. हे तो अण्णांच्या तोंडावर म्हणायचा.

पुढे नोकरीनिमित्त मी योकोहामाला होतो. तिथल्या एका जुन्या बाजारात कुसाकाबे किंबेई या एकोणिसाव्या शतकातल्या जपानी फोटोग्राफरने काढलेला फोटो मिळाला, वादळात छत्री सावरणारी मुलगी. नीट पाहिलं की कळतं, उडालेला किमोनो तारेने ताणून धरलाय आणि पावसाच्या रेघा निगेटिव्हवर ओरखडलेल्या आहेत. वादळ स्टुडिओतलंच! हा किंबेई मुळात रंगारी. १८५८ मध्ये लखनौचे पडझड झालेले वाडे टिपणारा फोटोग्राफर फेलिचे बिआतो १८६३ मध्ये योकोहामाला गेला, फोटो रंगवायला त्याने जपानी चित्रकार ठेवले, त्यांच्यात किंबेई होता. १८८० च्या सुमारास त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. रंगारीच मालक झाला, यावर दादाकडे आजही उत्तर नाही.

तर तो फोटो घरी आणला. दादाने मुलीचा पिवळट चेहरा बघितला, "केवढी घाण बसलीय" म्हणाला आणि मी चहा घेऊन येईपर्यंत ओल्या रुमालाने पुसलाही. चेहरा होता तेवढाच पिवळा राहिला, किमोनोच्या काठाचा लाल मात्र रुमालावर आला. त्या काळच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असायचा, तो वयाने पिवळा पडतो. ती घाण नव्हे. रंग पाण्यातले आणि वरच्या वर बसलेले, त्यामुळे ओलं बोट लागलं तरी सुटतात. अण्णांनी रुमाल खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हात हलका होता हो माणसाचा." दादाला काही बोलले नाहीत. मी बोललो, भरपूर.

तुमचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर सोलू नका. तो कागद फार पातळ असतो, वळू नये म्हणूनच चिकटवायचे. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, काही रंग उजेडाने उडतात. आणि बाई गेशाच असेल असंही धरू नका, स्टुडिओवाले पैसे देऊन मॉडेल बसवायचे.

किमतीचं म्हणाल तर नुसत्या नावावर जाऊ नका. बिआतोचा स्टुडिओ १८७७ मध्ये श्टिलफ्रीड या दुसऱ्या फोटोग्राफरने घेतला, १८८५ मध्ये तो धंदा फार्सारी या तिसऱ्याकडे गेला, निगेटिव्ह हातोहात फिरल्या. एकच चित्र दोन-तीन नावांखाली विकलेलं सापडतं. रंगकाम कुठलं नीट झालंय ते बघा, कॉलरच्या कडेला लाल रेघेबाहेर गेलाय का, ओठ ठिपक्यासारखे टेकवलेत का. मी तरी पैसे त्याचे देतो.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण भिंगातून एकदा बघून घ्या. सारख्या अंतरावर बारीक ठिपके दिसले तर तो यंत्रावर छापलेला आहे, बहुधा विसाव्या शतकातलं पोस्टकार्ड, आणि वरचं निम्मं त्याला लागू नाही. तरी पुसू नकाच.